पीस म्हणजे

मुन्शीजी इंग्रजी कविता शिकवत, पण कवितेत तलवार उपसली गेली की बोटाला थुंकी लावून दोन पानं एकदम उलटत. म्हणत, "हा नुसता ढोल वाजून राहिला. पुढं चला."

आम्हाला कवितेशी काय घेणंदेणं? आम्ही अमरावतीच्या बाजारातले सहा कापसाचे अडते. मुंबईहून येणारी इंग्रजी पत्रं आपली आपल्याला वाचता यावीत, एवढ्यासाठी सकाळी त्यांच्यापुढे बसायचो. पण मुन्शीजींकडे इंग्रजी पुस्तक एकच होतं, परतवाड्याच्या छावणीतल्या कुणा साहेबानं जाताना टाकून दिलेलं. त्यात जुन्या कवींच्या कविता, निम्म्या लढाईच्या आणि निम्म्या लढाईनंतरच्या.

'पीस' हा शब्द त्यांत सारखा यायचा. पहिल्या दिवशी आम्ही कोंबडीचं पीस समजलो. पुढे अमेरिकेतली लढाई लांबली, तिकडचा कापूस अडला, आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. तेव्हा मीच एकदा म्हणालो, "पीस म्हणजे मंदी!" सगळे हसले. मुन्शीजी हसले नाहीत. "नाही बाबा. गेलेला मानूस घरी येते, त्याले पीस म्हन्ते." त्यानंतर मी मुद्दाम तेच म्हणायचो आणि ते न चिडता दर वेळी दुरुस्त करायचे.

त्यांचा एकुलता एक करीम त्याच छावणीतून पलटणीबरोबर इकडच्याच एका लढाईवर गेला होता. सात वर्षं झाली होती. कुणी विचारलं तर म्हणत, "येऊन राहिला असन."

अमेरिकेत लढाई थांबल्याची तार आली, त्या दिवशी बाजारात कापसाचा भाव कोसळला. माझ्या आवारात गाठी तशाच पडून होत्या. तेवढ्यात मुन्शीजी धुतलेला अंगरखा घालून, रुमालात बत्तासे घेऊन आले. "मुबारक! लढाई सरली. लोकायची पोरं आता घरी येतीन." त्यांनी माझ्या हातावर बत्तासा ठेवला.

मी तो फेकून दिला. "तुमचा करीम मेला, मुन्शीजी. तो काही येत नाही. आता आमी बी मरावं काय?"

हे त्यांना तोंडावर कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी रुमालाची गाठ मारली आणि गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या सकाळी शिकायला मी एकटाच गेलो. माफी मागायची होती, पण मी रोजच्या जागी जाऊन बसलो. मुन्शीजींनी पुस्तक उघडलं आणि त्या दिवशी एकही पान न गाळता वाचत गेले. तलवारी, घोडे, मुडदे, सगळं. तो आमचा शेवटचा धडा. 'पीस' आला तसे ते थांबले.

"म्हन्जे काय?"

"गेलेला मानूस घरी येते," मी म्हणालो.

"नाही बाबा," नेहमीच्याच आवाजात ते म्हणाले. "मंदी."