डावीकडचं माणूस

हिवाळ्यातल्या सकाळी सांगलीहून विट्याच्या रस्त्याला लागलं, की गाडीच्या डाव्या खिडकीतून आधी गारवा आत शिरतो आणि त्याच्या मागोमाग उसाचा वास. थोडा गोड, थोडा आंबूस, ट्रॉलीत रात्रभर पडून राहिलेल्या उसाला येतो तसा. तासगाव ओलांडताना द्राक्षबागांवर मारलेल्या औषधाचा उग्र दर्प येतो. विटा मागे पडून जमीन कोरडी होत गेली, की मग नुसता वारा येतो, शाळूच्या पानांवरून सरसरत आलेला. हे सारं माझ्यापर्यंत नेहमी एका माणसाला ओलांडून पोचलं. त्या खिडकीशी माझी बायको सुमन बसायची. तिचं माहेर वडूजचं, त्यामुळे आमचा संसार जितका सांगलीच्या घरात झाला, जवळजवळ तितकाच या रस्त्यावर झाला.

आज ज्या प्रश्नाने मला लिहायला बसवलं आहे तो अगदीच क्षुल्लक आहे. गाडीच्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायचा तो छोटासा, फुगीर, गोल आरसा बसवावा की नाही? एरवी असल्या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे असतं आणि आपण मान डोलावून मोकळे होतो. पण काही क्षुल्लक प्रश्नांच्या पोटात फार मोठी माणसं बसलेली असतात!

आमच्या भागात गाडीचा डावा आरसा हा तसा शोभेचाच. पेठेतल्या गल्लीत तो समोरच्या गाडीला घासतो, गाळपाच्या दिवसांत ट्रॉलीबाहेर आलेले ऊस त्याला फटकावतात. म्हणून लोक तो एकदा आत मिटतात आणि पुढे तो तसाच मिटलेला राहतो. मागे एकदा मी रस्ता सुरक्षेच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. प्रमुख पाहुण्यांनी आरशाचं महत्त्व फार तळमळीने सांगितलं. बाहेर त्यांची पांढरीशुभ्र गाडी उभी होती आणि तिच्या दोन्ही आरशांवर कार्यकर्त्यांनी झेंडूचे असे घसघशीत हार घातले होते, की काचेचा तुकडाही दिसू नये. भाषण संपलं, टाळ्या पडल्या, आणि गाडी त्या हारांसकट भरधाव निघून गेली. मला हसू आलं खरं, पण माझ्या स्वतःच्या गाडीचा डावा आरसाही तेव्हा मिटलेलाच होता. त्याची गरजच कुणाला वाटत होती? डावीकडे माणूस होतं की!

हे डावीकडचं माणूस ही आमच्याकडची खास व्यवस्था. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने नुसतं बसायचं नसतं, बघायचं असतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर ओलांडून पुन्हा आपल्या बाजूला यायचं, तर त्या ट्रॉल्यांचं शेपूट संपलं की नाही हे चालवणाऱ्याला समजत नाही. अशा वेळी सुमन खिडकीबाहेर मान काढून मागे बघायची आणि म्हणायची, "घ्या." एवढाच शब्द. त्या शब्दावर मी किती निर्धास्तपणे गाडी डावीकडे घेतली! देवाच्या शब्दावरही मी इतका भरवसा कधी ठेवलेला नाही. आणि खरं सांगायचं तर देवाने इतक्या वेळेवर कधी उत्तरही दिलं नाही.

ती बघायची ते केवळ रस्त्यापुरतं नव्हे. बघता बघता तिला आणखी पुष्कळ काही दिसे: कुणाच्या शाळूला पाखरं लागलीत, कुठल्या वस्तीवर लग्नाचा मांडव उभारलाय, कुठल्या बाईने अंगणात कुरडया वाळत घातल्यात. हे सगळं ती सांगत राहायची आणि मी समोरच्या डांबरावर नजर रोवून ऐकत राहायचो. या रस्त्याच्या डाव्या अंगाचा सगळा मुलूख मला पाहून नव्हे, ऐकून ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात मायणीच्या अलीकडे रस्त्याकडेला एक पेरूवाली दिसली. सुमनला पेरू हवे होते. मी डावीकडे वळण्याआधी सवयीने थांबलो, तिने मागे बघितलं, "घ्या" म्हणाली, आणि मी घेतली. पुढच्याच क्षणी ब्रेकचा चीत्कार ऐकू आला. दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल आमच्या दारापासून वीतभर अंतरावर तिरपी होऊन थांबली होती. कुणाला काही लागलं नाही. थोडं दूध तेवढं मातीत सांडलं. त्या गड्याने खिडकीशी वाकून आमच्या मिटलेल्या आरशाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "आवं काका, ह्यो काय निजवून ठिवायला दिलाय व्हय?"

सुमनने त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघितलं, जणू तो हवेतून उगवला होता. पेरू राहिलेच. वडूजहून परतताना तिने मागचं दार उघडलं. मी पुढे ये म्हणालो, तेव्हा तिने दाराची कडी धरूनच सांगितलं, "फुडं बसायचं म्हंजी बघायला लागतंय. मला काय दिसतंय आन् काय न्हाई, ह्येच कळंना झालंय."

मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला काचबिंदू हे नाव दिलं. हा आजार नजर कडेकडेने कुरतडत आणतो, म्हणाले. मधलं राहतं, बाजूचं जातं. नळीतून बघितल्यासारखं. मी विचारलं, कडेला हिला अंधार दिसत असेल ना? ते म्हणाले, नाही, तीच तर अडचण आहे. अंधार दिसला असता तर माणूस सावध झालं असतं. मेंदू ती गेलेली जागा आजूबाजूच्या रंगाने सारवून टाकतो, आणि मोटारसायकल असते तिथे रिकामा रस्ता दिसतो.

घरी येताना मी त्यावरच विचार करत होतो. गाडीच्या आरशातही हेच नाही का? जे दिसत नाही त्या जागी काळा डाग दिसत नाही. स्वच्छ, मोकळा, निर्धोक रस्ता दिसतो. माणसाच्या आयुष्यातल्या किती जागा अशा सारवलेल्या असतील! इतकी वर्षं शेजारी बसलेल्या बाईची नजर सरत चालली होती, ती खिडकीबाहेरच्या गोष्टी कमी सांगू लागली होती, आणि मला वाटत होतं, रस्त्यावर आता सांगण्यासारखं काही उरलं नसेल.

तेव्हा आरसा हवाच होता, यात शंका नव्हती. मान वळवून बघावं, असं जाणकार सांगतात. पण माझी मान निवृत्तीच्याही आधी निवृत्त झाली आहे. मिटलेला आरसा उघडता आला असता, पण त्यातही एक जागा सुटतेच, आणि नेमकी तीच जागा सुमनची होती. अडत होतं ते एवढ्याचसाठी. तो वाटोळा तुकडा तिथे चिकटवणं म्हणजे तिला सांगणं, की बाई, तुझं काम संपलं. आणि काम संपलेली माणसं मागच्या सीटवरून हळूहळू आणखी मागे जातात. आधी वडूजला येणं टाळतात, मग दाराबाहेर पडणं. मला ते नको होतं. मला ती पुढे हवी होती, बघण्यासाठी नव्हे, नुसतीच. पण हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर बोलायचं कसं? आम्ही एकमेकांना असलं काही सांगण्यासाठी नेहमी रस्त्याचीच मदत घेत आलो होतो.

शेवटी दुकानासमोर गाडी लावली. सुमन मागे बसून होती. दुकानदाराने मिटलेला आरसा उघडला, पुसला, कोपऱ्यात तो गोल तुकडा दाबून बसवला आणि मोठ्या उत्साहात म्हणाला, "आता समदं दिसतंय बघा सर. शेजारी बायकू नसली तरी चालतंय, आन् ह्यो बोलत बी न्हाई." मागून सुमन हसली. चांगली मोकळी हसली. त्या हसण्याने मला जेवढं लागलं तेवढं तिच्या रडण्याने लागलं नसतं.

आरसा कामाचा निघाला, हे मान्य करायला हवं. त्यात ट्रॉली दिसते, मोटारसायकल दिसते, ओढ्याकाठची बाभळ दिसते; पण सगळं बारीक, दूर गेलेलं, कडेला वाकलेलं, एखादी आठवण दिसावी तसं. तो चूक सांगत नाही. खरं म्हणजे काहीच सांगत नाही. ज्याला विचारावं लागतं आणि जो बोलत नाही, अशा शेजाऱ्याबरोबर मी महिनाभर फिरलो.

मग शाळूचा हुरडा धरला आणि वडूजहून तिच्या भावाचा निरोप आला. निघताना मी मागच्या सीटवर सामान भरून ठेवलं, भरपूर, गरजेपेक्षा जास्त. सुमनने दार उघडलं, सामान बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला सारं कळलं.

"बसती फुडं," ती म्हणाली, "पर मला इचारायचं न्हाई."

मी नाही विचारलं. ट्रॅक्टर ओलांडले, गोल आरशात बघून गाडी डावीकडे घेतली. ती समोर बघत हात मांडीवर ठेवून बसली होती, परक्याच्या गाडीत बसावं तशी. मायणीच्या पुढे आरशात काहीतरी पांढरं हललं. कडेच्या रानातून मेंढरं वर येत होती. मी गाडी थांबवली आणि इतक्या वर्षांत प्रथमच, दुखरी मान वळवून, तिच्या गालाच्या पलीकडे खिडकीतून नीट बघितलं.

"डावीकडं मेंढरं आहेत," मी म्हणालो.

"लय हायती?"

"पुष्कळ. बाईमाणूस आहे बरोबर. काखेत कोकरू धरलंय."

सुमनने चेहरा खिडकीकडे वळवला. तिची नजर रानावरून सरकू लागली, हळूहळू, अंधारात भिंत चाचपावी तशी. मी सांगत गेलो: अजून मागं, बाभळीच्या बुडाशी, नाही, जरा खाली, हिरव्या लुगड्याची बाई बघ. मागून कुणी तरी हॉर्न वाजवला आणि आम्हाला ओलांडून गेलं. तिचं मधलं आणखी किती दिवस टिकेल हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, आणि आम्हीही विचारलेलं नाही. मेंढरं रस्त्यावर चढली, गाडीच्या दोन्ही बाजूंनी लोकरीचा आणि धुळीचा वास घेऊन वाहू लागली. ती बाई कोकरू सावरत आमच्या खिडकीपाशी आली.

"घावलं," सुमन म्हणाली, आणि मेंढरं सरेपर्यंत बघत राहिली.