बहरीनचे कॅमेरे कोचीनला

आमच्या घरी अल्बम ढीगभर आहेत, पण पाहुणे आले की अल्बम कोणी मागत नाही. "वहिनी, ते हलव्याचं सांगा ना," असंच म्हणतात. फोटो एकदा पाहिला की झाला. किस्सा मात्र दर वेळी थोडा वाढतो, आणि सांगणारीच्या नवऱ्याने मधेच "असं नव्हतं झालं" म्हटलं की आणखी वाढतो! आमचे हे, म्हणजे अनिल, आत्ता आत क्रिकेट बघतायत. तेवढ्यात सांगून घेते.

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनला होतो. राजधानी मनामाच्या नईम भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, अनिल एसीच्या कंपनीत, मी एका शाळेच्या ऑफिसात. शुक्रवारी सुट्टी. बाकीची मंडळी शुक्रवारी झोपायची नाहीतर पत्ते कुटायची. आमच्याकडे मात्र फोटो मंडळ! अनिल, त्याचे मित्र बापट आणि श्रीवर्धनचे इब्राहिमभाई. बापट एका कंपनीत अकाउंट्स बघायचे, इब्राहिमभाईंचं मनामाच्या बाजारात भांड्यांचं दुकान. अनिल आणि बापटांकडे भारीतले कॅमेरे आणि बॅगा भरून लेन्स. इब्राहिमभाईंकडे साधा, बटण दाबलं की फोटो निघणारा. बापट म्हणजे मंडळाचे स्वयंघोषित गुरू. कोणाचाही फोटो हातात घेतला की पहिलं वाक्य, "कॉम्पोझिशन गंडलंय!"

आणि मी कोण? मी ट्रायपॉड उचलायला.

*

एकदा सकाळी सकाळी बुदैयाला एका शेतावर गेलो. बापटांना पालकाच्या पानावर दवाचा थेंब दिसला. झालं! गुडघे टेकले, नाक मातीला, बाकीचे बापट वर आभाळाकडे. तेवढ्यात शेताचा म्हातारा मालक आला. त्याला वाटलं, बिचाऱ्याचं काहीतरी हरवलंय.

"क्या गिरा?" त्याने विचारलं.

बापटांना थेंब सोडवेना. मान न वळवता त्यांनी नुसतं आपल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे, थांबा, मी बघतोय. म्हाताऱ्याला वाटलं, चष्मा पडला! 'चला रे' म्हणून त्याने ओरडून घरात हाक दिली, "यल्ला!" मुलगे आले, गडी आले, सगळे वाफ्यात वाकून चष्मा शोधायला लागले. थेंबाचा तर पार चुराडा! आम्ही सांगतोय की काही हरवलेलं नाही, पण ऐकतो कोण?

शेवटी म्हातारा दमला. त्याने स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढला, बापटांच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ये ले जाओ. गाडी चलाना है ना? हम तो घर में बैठेगा."

*

आमचे रोल धुवायला जायचे बाजारातल्या एका लॅबमध्ये. तिथे मशीनवर वर्गीस. कोचीनचा. आमच्याशी बोलून बोलून मराठी शिकलेला, आणि आमच्यातलाच झालेला. एक दिवस त्याने प्रिंटचं पाकीट काउंटरवर आपटलं.

"अनिलसाब, चार वर्षं मी तुमचा वाळू धुतो. उंट, वाळू, वाळवंटातला ते एकटा झाड, परत वाळू! पुरे आता. या डिसेंबरला माझ्या गावाला चला. मी पण येतो."

चार वर्षांत वर्गीस स्वतः घरी गेला नव्हता. या वेळी रजा मंजूर होती. मग काय विचारता! कुठल्या वेळी कुठे ऊन येतं, कुठल्या चर्चच्या मागून कुठली गल्ली, सगळं त्याने ठरवलं. सकाळी कोणी काय खायचं तेसुद्धा!

आमची तिकिटं हातात आली आणि लॅबमधला दुसरा माणूस नोकरी सोडून गेला. वर्गीसची रजा रद्द. आम्ही गेलो तर तो काउंटरच्या मागे उभा. "खलास," एवढंच म्हणाला.

मग त्याने पाकिटातून एक फोटो काढला. बहिणीच्या लग्नातला ग्रुप. मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून, एका बाईचा अर्धा चेहरा.

"अम्माची. माझी आई. हा एकच आहे माझ्याकडे. दिवसभर मी लोकांच्या आयांचे फोटो धुतो, वहिनी. माझ्या आईचा एक आणाल? समोरून. दोन्ही डोळे पायजेत."

"एक काय मागतोस?" बापट म्हणाले. "अख्खा रोल तिच्या नावाचा!"

मला तिथेच रडू येत होतं. मी उगाच काउंटरवरच्या विकायच्या फ्रेम बघत बसले.

*

आता ते हलव्याचं. त्या काळी विमानतळावरच्या एक्स-रेने रोल खराब होतात अशी सगळ्यांना धास्ती. अनिल आणि बापट यांनी त्यावर मोठी चर्चा केली. इब्राहिमभाई म्हणाले, "ओ, चर्चा कसली करता? माझ्यावर सोडा." आणि त्यांनी सगळे रोल प्लास्टिकमध्ये बांधून बहरीनी हलव्याच्या मोठ्या डब्यात, हलव्याच्या खाली दडवले. आता एक्स-रेला हलवा काय आणि रोल काय! पण हे त्यांना सांगणार कोण?

मुंबईत कस्टमच्या माणसाने डबा उघडायला लावला. आत चमचा घातला. टक्क! काहीतरी कडक लागलं.

"आत काय आहे?"

"बदाम, साहेब."

"एवढे मोठे?"

"गल्फ आहे, साहेब!"

सगळा हलवा टेबलावर काढावा लागला. इब्राहिमभाईंनी लाज झाकायला साहेबांना चाखायला दिला, मग शेजारच्या साहेबांना, मग मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांना. रोल सुखरूप सुटले. ज्यांच्यासाठी हलवा नेत होतो त्यांना मात्र आम्ही रिकामा डबा दाखवला.

*

कोचीनला समुद्रकाठी ती प्रसिद्ध चिनी जाळी आहेत. उंच वाशांना टांगलेली अजस्त्र जाळी, दगड बांधलेल्या दोरांनी चार-सहा जण मिळून वर ओढतात. बापटांना उगवत्या सूर्यासमोर ओढणाऱ्यांच्या काळ्या आकृत्या हव्या होत्या. जाळं वर आलं. "वन मोअर!" बापट ओरडले. बिचाऱ्यांनी परत सोडलं, परत ओढलं. "थोडा स्लो! वन मोअर!"

तिसऱ्या खेपेला त्यांच्यातला एक म्हातारा कोळी शांतपणे चालत आला. त्याने बापटांच्या गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घातला, अनिलचाही घातला, आणि दोघांच्या हातात दोर दिला. बाकीचे कोळी कठड्यावर चहा पीत बसले. आमचे दोघे वीर ओढतायत, ओढतायत, जाळं काही हलेना! सूर्य मात्र काय सुरेख वर आला म्हणून सांगू!

त्या सकाळचा एकच चांगला फोटो निघाला. इब्राहिमभाईंनी काढलेला. सोनेरी पाणी, काळं जाळं आणि दोराला लोंबकळलेल्या दोन ढेऱ्या. बापट तो बघून म्हणाले, "कॉम्पोझिशन बरंय."

*

कोचीनमध्येच मट्टनचेरीला मसाल्याची जुनी गोदामं आहेत. आत अंधार, वरच्या झरोक्यातून एकच उन्हाची तिरीप, खाली सुंठीचे आणि मिरीचे ढीग. अनिलचे डोळे पाणावले. आनंदाने, असं मला वाटलं. अंधारात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ कॅमेरा जरासुद्धा हलता कामा नये.

"कोणी श्वास घेऊ नका," बापट म्हणाले आणि त्यांनाच शिंक आली. त्यावर अनिलला आली. मग मला. मी ट्रायपॉड धरलेला, तो माझ्यासकट हलला. दहा मिनिटं नुसता शिंकांचा गडगडाट. गोदामाचा मालक कच्छी शेठ, गादीवर शांत बसलेला.

"तुम्हाला शिंका येत नाहीत?" मी नाक पुसत विचारलं.

"येतात ना, बेन. घरी गेल्यावर. इथली सवय झाली, आता साध्या हवेत येतात."

*

आणि मग अम्माचीच्या घरी गेलो.

छोटं कौलारू घर, पुढे विहीर, विहिरीशेजारी फणस. अम्माची दारात उभी होती, पांढऱ्याशुभ्र कपड्यात, खास आमच्यासाठी केस विंचरून. शेजारची लिली दुभाषी म्हणून आली होती. ती पुण्यात नर्स होती, त्यामुळे मराठी चांगलंच समजायचं. अम्माचीने आम्हाला अप्पम आणि माशाचं कालवण इतकं वाढलं की बापटांनी बेल्टचं भोक बदललं. वाढता वाढता तिचे प्रश्न चालू. तो जेवतो का? कोण करून देतं? तिकडे पाऊस पडतो का? बारीक झालाय का? मी म्हटलं, "चांगला गुटगुटीत आहे!" तर ती इतकी गोड हसली!

जेवणं झाली. बापटांनी खिडकीतला उजेड बघून खुर्ची मांडली. अनिलने लेन्स लावली. "अम्माची, या, बसा."

तिने मान हलवली. नाही.

आम्हाला वाटलं, लाजतेय. तिने हाताने दाखवलं, घराचा काढा. विहिरीचा काढा, फणसाचा काढा, मांजराचा काढा. आम्ही सगळ्याचे काढले. कॅमेरा तिच्याकडे वळला की ती खांद्यावरचं वस्त्र तोंडावर घ्यायची.

"लिली, तिला सांग ना, वर्गीसने मागितलाय," मी म्हटलं. "त्याच्याकडे धड एक फोटो नाही तिचा."

लिलीने सांगितलं. अम्माची बराच वेळ बोलली. अजिबात चिडून नाही हो, अगदी हिशेबाने समजावल्यासारखी. लिली माझ्याकडे बघून म्हणाली, "ती म्हणते, फोटो दिला की तो भिंतीवर लावणार. रोज बघणार. आईला बघितलं असं त्याला वाटणार. मग तो येणार कशाला? बघायचं असेल तर ये म्हणावं."

अनिलने त्या रिकाम्या खुर्चीचाच एक फोटो काढला. माझीही आई मिरजेला होती, आणि तिने मात्र माझा फोटो देवघरापाशी लावला होता.

आम्ही निघालो. गल्लीच्या टोकाशी अनिल हळूच थांबला. लांबची लेन्स लावली. अम्माची अजून दारात उभी, चेहरा उघडा, आमच्याकडे बघत. "इथून तिला कळणारसुद्धा नाही," तो पुटपुटला. "समोरून, दोन्ही डोळे."

मी लेन्सवर हात ठेवला. "खबरदार! तिने नाही म्हटलंय."

"अगं, पण वर्गीस..."

"वर्गीसला मी सांगेन."

आयुष्यात एकदाच त्याने कॅमेऱ्याच्या बाबतीत माझं ऐकलं.

*

परत आल्यावर सांगायचं कसं, या काळजीने माझी झोप उडाली. वर्गीसने आमचे सगळे रोल त्याच दिवशी धुतले. एकेक प्रिंट बघत गेला. विहीर, फणस, मांजर, रिकामी खुर्ची. गठ्ठा संपला. मग मी त्याला अम्माचीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

तो रडेल असं वाटलं होतं. तो हसायलाच लागला! "अशीच आहे," म्हणाला. "अशीच आहे ती!" आणि तो गठ्ठा तसाच उचलून आत मालकाकडे गेला. मालक बहरीनी, भला माणूस, पण रजा म्हटलं की उत्तर एकच, इंशाल्ला. वर्गीसने टेबलावर प्रिंट मांडल्या आणि आईचा निरोप त्याला अरबीत सांगितला. मालक खुर्चीच्या फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जा. मशीन मी बघतो."

वर्गीस गेला. त्या महिन्यात मनामात ज्यांची ज्यांची लग्नं झाली, त्या सगळ्यांच्या फोटोत नवऱ्या हिरव्या आल्या!

*

वर्गीस जाताना इब्राहिमभाईंनी आपला बटणवाला कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला होता, रोल भरून. "आता तर देईल ना ती? पोटचा पोरगा समोर आहे!"

तो परतला त्या संध्याकाळी आम्ही सगळे लॅबमध्ये हजर. रोल मशीनमध्ये गेला. आम्ही काउंटरवर कोपरं टेकून उभे. प्रिंट एकामागून एक बाहेर पडायला लागल्या.

पहिलीत वर्गीस. विहिरीवर अंघोळ करताना, मान कापलेली. दुसरीत वर्गीस जेवताना, अर्ध्या फोटोवर कोणाचं तरी बोट. तिसरीत वर्गीस झोपलेला, तिरका. वर्गीस फणसाखाली. वर्गीसचे नुसते पाय. वर्गीस दाढी करताना, वर्गीस पुन्हा जेवताना, वर्गीस पुन्हा झोपलेला, या वेळी अगदी जवळून. अख्ख्या रोलमध्ये वर्गीसशिवाय दुसरं माणूस नाही.

बापटांनी एक प्रिंट उचलली, तोंड उघडलं आणि मिटलं.

"कोणी काढलेत हे?" मी विचारलं.

"अम्माचीने. कॅमेरा माझ्या हातात राहूच देत नव्हती."

"आणि तिचा?"

"नाही दिला."

"म्हणजे? एवढ्या लांब जाऊन एकसुद्धा नाही?"

वर्गीसने सगळ्या प्रिंट गोळा केल्या, डोकं नसलेल्यासुद्धा, आणि मोठ्या साइजचा कागद मशीनला लावायला घेतला.

"घाई आहे, वहिनी. आजच्या आज पाठवायचेत," तो म्हणाला. "तिच्याकडे माझा एकही नव्हता."