आत्याचं मनगट

माझी आत्या जिभेने तिखट, पण हाताने सरळ. शिवणाच्या कारखान्यात ती कापड बेतायची. एकावर एक वीस थर अंथरले, तरी तिची कात्री खडूची रेघ सूतभरही सोडत नसे. बाराव्या वर्षापासून तिला फिट्सच्या गोळ्या होत्या. गेल्या अकरा वर्षांत फिट अशी आलीच नव्हती.

एका दुपारी फळीवरून तागा ओढताना तिच्या मनगटात कडकन आवाज झाला आणि कळवळून ती खाली बसली. मालक धावत आला. हाताकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"फिट आली ना, बाई?"

"नाही आली. आधी हाड मोडलं, मग मी बसले."

"तागा ओढून कुणाचं हाड मोडतं का? मला शेंड्या लावू नका. उद्या कात्रीवर पडलात तर निस्तरणार कोण?"

त्याच दिवशी तिला कामावरून काढलं. तिच्या घरी आलेल्या माझ्या बाबांनीही मालकाचीच री ओढली. "खरं सांग ताई, गोळी चुकवलीस ना?"

सख्ख्या भावाच्या तोंडून हे ऐकल्यावर आत्या त्यांच्याशी बोलायचीच बंद झाली.

मोडलेल्या हाताला प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मात्र शंका आली. त्यांनी रक्त तपासलं, हाडांची घनता मोजून घेतली.

"या गोळ्या किती वर्षं घेताय?"

"एकतीस."

"हाडं फार विरळ झालीत तुमची. ही जुनी औषधं वर्षानुवर्षं घेतली की अंगातलं ड जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, मग हाडं ठिसूळ होतात. अशी हाडं साध्या हिसक्यानेही मोडतात."

"आजच सगळ्या गोळ्या गटारात टाकते!"

"तेवढं करू नका. एकदम बंद केल्या तर फिटवर फिट येईल, जिवावर बेतेल. मेंदूच्या डॉक्टरांना विचारून हळूहळू बदलू."

आत्या रिपोर्ट घेऊन थेट आपल्या जुन्या डॉक्टरांकडे गेली. मी सोबत होते. वर न बघता तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा लिहून देणारे हेच ते.

"बाई, नंबर येईपर्यंत बाहेर थांबा."

"एकतीस वर्षं थांबले. हाडांचं एकदा तरी बोललात का?"

"फिट्स थांबल्या ना तुमच्या?"

"थांबल्या. म्हणून हाडं पोखरली तरी चालतील?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आत्याने रिपोर्ट त्यांच्या टेबलावर आपटला आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या डॉक्टरांनी आठ महिन्यांत औषध बदललं. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम सुरू झालं. फिट आली नाही. मनगट जुळलं, पण वाकडं. मोठी कात्री आता धरवत नाही; ती घरी काजं-बटणं करते. खरं कळल्यावर मालकाने परत बोलावणं धाडलं. "त्याच्या दारात पाय ठेवण्यापेक्षा तोही मोडलेला बरा," ती म्हणाली.

बाबा माफी मागायला गेले, तेव्हा तिने हातातलं बटण खाली ठेवलं नाही. ते समोर उभे असतानाच मला म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, जाताना दार ओढून घे."