मापाच्या चौकटीतल्या गप्पा

मला बाजारात ओरडता येत नाही. मासे विकणाऱ्या बाईला हे परवडत नाही, ते मला माहीत आहे. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या बाजूला आमचं घर, आणि घरातल्या सगळ्या बायका पाटी लावून बसलेल्या. सासूबाई तर लांबून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारून परत फिरवायच्या. मी शेजारी गप्प बसले की म्हणायच्या, "कोळीण ना गं तू? मग मूग गिळून का बसलीस?"

म्हणून लेकीने अ‍ॅप करून दिलं तेव्हा मला हायसं वाटलं. ती वागळे इस्टेटला एका ऑफिसात असलंच काम करते. आमच्या बाजारातल्या काही बायकांसाठी तिने हे सुट्टीत बसून बनवलं. सकाळी माशाचा फोटो काढायचा, नाव आणि भाव लिहायचा, आणि खालच्या चौकटीत माप. सोसायट्यांतल्या बायका बघून मागवतात.

त्या मापाच्या चौकटीत मी बोलायला लागले. चौथीपर्यंतच शिकले, पण लिहिणं कधी सोडलं नव्हतं. आधी नुसतं 'एक वाटा' लिहायची. वाटा म्हणजे पाटीवर मांडलेला ढीग, तो नजरेनेच लावायचा असतो. मग एकदा पुढे लिहिलं, 'बोंबील आजच्या आज करा, उद्यावर ठेवू नका'. मुशीखाली लिहिलं, 'घरात बाळंतीण असेल तर न्याच, दूध वाढतं'. चिंबोऱ्यांखाली, 'अमावस्या जवळ आलीय, मांसाने भरलेल्या आहेत'. चौकटीने सगळं घेतलं. गिऱ्हाइकं वाढली. कल्याणची एक बाई तर माझं वाचूनच घरी काय करायचं ते ठरवायची. समोर कोणी बघत नसलं की मला सगळं सुचतं.

मग एका रविवारी दुपारी लेक लॅपटॉप घेऊन बसली. मागवणाऱ्या बऱ्याच जणींच्या फोनवर एकूण किती पैसे झाले तेच दिसत नव्हतं. ती म्हणाली, सुरुवातीला घाईत मापाच्या चौकटीला 'काहीही चालेल' असं ठेवलं होतं. पुढे काही वेगळं आलं की तेवढ्यापुरतं ठिगळ. मजकूर लांब असेल तर कापा, आकडा नसेल तर भाव लपवा. आता कुठलं ठिगळ कशावर आहे ते तिचं तिलाच कळेना. तिने ते सगळं उसवलं. फोटो वेगळा, नाव-भाव वेगळा, माप वेगळं केलं. आणि मापाचा प्रकार पक्का ठरवला: एक आकडा, आणि पुढे किलो, नग, जोडी किंवा वाटा. याशिवाय काही आत येणार नाही.

नंतर तिने आधीच्या नोंदी त्यातून चालवून पाहिल्या. पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. ती एकेक वाचू लागली. जवळजवळ सगळ्या माझ्याच होत्या.

"आई, ही मापाची जागा आहे गं," ती म्हणाली. "तू इथे गप्पा मारल्यायस."

ती रागावली नव्हती. पण हे काढावं लागेल म्हणाली, एकीसाठी सैल ठेवलं तर पुन्हा हिशेब बिघडणार. खरंच होतं ते. मी बरं म्हटलं आणि आत कोलंबी सोलायला बसले. सोलताना डोक्यात एकच. उद्यापासून मुशीखाली 'एक नग' एवढंच दिसणार. आणि मी होते तशी मुकी.

ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिले. पोटच्या पोरीकडे मागतानाही मला वेळ लागला.

"मग गप्पांची जागा कुठाय?"

ती हसली. "नाहीच आहे. कोणी मागितलीच नाही."

"मी मागते."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि ऑफिसातल्यासारखं विचारू लागली. किती लिहिणार? सगळ्यांनी भरायलाच हवं का? मी म्हटलं, दोन-तीन ओळी पुरे. सक्ती नको, ज्यांना बोलता येतं त्या कशाला लिहितील. तिने तसंच केलं: फक्त शब्दांसाठी एक नवी जागा, रिकामी राहिली तरी चालणारी, हिशेबाला न शिवणारी. माप मात्र पक्कंच राहिलं. मग माझी जुनी वाक्यं एकेक उचलून तिने तिकडे नेली. लाल ओळी कमी होत गेल्या, आणि शेवटी पडदा साफ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवी जागा उघडली. वर लिहिलं होतं, 'सांगायचं असेल तर'. आणि मला एक शब्द सुचेना. मापाच्या चौकटीत माझ्या बोलण्याची कोणी वाट बघत नव्हतं. इथे जणू सगळे गप्प बसून माझ्याकडे बघत होते. कोलंबीचा भाव घातला, माप घातलं, जागा कोरी सोडली आणि पाटी घासायला घेतली.

थोड्या वेळाने कल्याणच्या बाईंचा निरोप आला. "मावशी, आज काहीच सांगितलं नाहीत?"

मी हात पुसले, समोरच्या वाट्याकडे नीट पाहिलं आणि लिहिलं, 'कोलंबी बारीक आहे. सोलायला वेळ लागेल, पण भातात घालायला हीच चांगली.'