आत्याला बसण्याजोगं गवत

दुपारचं जेवण अंगावर आलंय. सौमित्र खुर्चीत घसरत घसरत अशा कोनात पोचलाय की त्याला बसलेला म्हणावं की सांडलेला, हे बघणाऱ्याने ठरवावं. समोरच्या पडद्यावर एक टेकडी आहे. दुधाच्या जाहिरातीतली गाय तिच्यावरून चालणार आहे. गाय शेजारच्या टेबलावरचा आरिफ करतोय. सौमित्रकडे फक्त गवत. सकाळीच गिऱ्हाइकाचा निरोप आलाय, की गवतात जीव वाटत नाही. सौमित्रला तो निरोप पटलाय, हीच पंचाईत आहे. दुसरं काही न सुचून त्याने पात्यांची दाटी वाढवलीय आणि संगणकाला चित्र काढायला बसवलंय. संगणक काढतोय. सावकाश, सरकारी तब्येतीने.

डोळे जडावतात. हनुवटी छातीला टेकते. लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज येतो.

लिफ्ट टेकडीच्या मधोमध आहे. तिच्यातून प्रभाआत्या बाहेर पडते. पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी.

प्रभाआत्या श्रावणात गेली. सौमित्रच्या आईबाबांच्या नोकऱ्या फिरतीच्या, म्हणून सगळी शाळा त्याने वाईला आत्याकडे राहून काढली. त्यामुळे तिला बघून त्याला आश्चर्य असं वाटत नाही. फक्त समोर ठेवायला काही नाही, याची लाज वाटते.

"अगं, तू?"

"इकडूनच चालले होते. म्हटलं बघावं, मेल्या, जिवंत आहेस का."

"आत्या, 'मेल्या' हा शब्द आता तू वापरावास का?"

"मग कुणी वापरायचा? अनुभव कुणाला आहे?"

"बस ना," तो म्हणतो.

"नको रे. उभ्या उभ्या आलेय."

उभ्या उभ्या आलेलं माणूस उभ्या उभ्या जातं. पण आत्या एकदा बसली की उठत नाही, हा समस्त नातेवाइकांचा अनुभव आहे. बसली की चहा, चहावर आणखी अर्धा कप, मग शेजारणीच्या सुनेची हकिगत, मग 'आता जेवूनच जाते.' तिला बसवायचं, बस्स. एवढं जमलं तर ती राहील.

"अशी कशी उभ्या उभ्या? खुर्ची आणतो," म्हणत तो मागे वळतो. मागे काही नाही. ऑफिस नाही, टेकडी नाही, नुसता राखाडी रंग. दचकून पुढे बघतो तर आत्या अर्धीच आहे. उजवी बाजू आहे, डावी नाही. मान जराशी वळवतो, तशी डावी बाजू येते आणि पाठोपाठ पिशवी.

"अर्धी काय करतोस मला?" आत्या चिडते.

आणि सौमित्रच्या लक्षात येतं. हा नियम त्यानेच लावलाय. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच गवत बनवायचं. बाकीचं संगणकाच्या डोक्यातून काढून टाकायचं, म्हणजे त्याच्यावर ताण येत नाही. इथे कॅमेरा म्हणजे सौमित्रचे डोळे. पापणी लवते तेवढ्यातसुद्धा आत्या जुन्या ट्यूबलाइटसारखी लुकलुकते.

"आत्या, खुर्ची राहू दे. गवतावरच बस."

आत्या चपलेच्या टोकाने गवत ढोसून बघते. "हे गवत? सगळी पाती एका उंचीची, एका रंगाची. कवायतीला उभी केलीयस का? प्लॅस्टिकच्या चटईवर मी नाही बसत बाबा. मंजूच्या लग्नात तसलीच होती, तिथेसुद्धा उभीच होते."

"दोन मिनिटं दे मला."

टेकडीवर आता वाईच्या घराचा ओटा आहे. गॅसवर दूध तापतंय आणि बर्नरच्या भोकाभोकांतून गवत उगवलंय. सौमित्र डोळे आत्यावर ठेवून हाताने चाचपत मिसळणाचा डबा उघडतो. हळदीच्या वाटीतलं पिवळं पात्यांच्या टोकांना लावतो. काही पाती मधेच मोडतो. बुडाशी गेल्या वर्षीचं वाळकं पसरतो. एका जागी काही उगवतच नाही, असं करतो.

"आता?"

"बरंय. पण कुणी चरून गेल्यासारखं दिसत नाही."

तो थोडं कुरतडतो आणि मन घट्ट करून शेळीच्या चार लेंड्या टाकतो.

"हां!" आत्या खूश होते. "आता कसं आपल्यातलं वाटतंय."

वारा येतो. पाती एकदम न हलता एकेक करून हलतात. सौमित्र गुडघ्यांवर बसतो आणि तिच्यासाठी जागा करायला तळहात गवतावर दाबतो. खालचं वाळकं बोचतं. आणि नाक हुळहुळायला लागतं.

लहानपणापासून त्याला गवताने शिंका येतात. संगणकातल्या गवताने कधी आल्या नव्हत्या. म्हणून तर त्याने हा धंदा धरला.

"आत्या, लवकर बस."

"बसते रे. गुडघे बघ की माझे."

"अजून दुखतात?"

"गुडघे बरोबर येतात. बाकी काही येत नाही."

सौमित्र दुसऱ्या हाताच्या बोटांनी पापण्या ताणून धरतो.

"शिंक येतेय ना? अडवू नये. कानाला लागते."

"डोळे मिटतील गं."

"मिटणारच. उघड्या डोळ्यांनी शिंकलंय का कुणी?"

"तू जाशील."

आत्या त्याच्याकडे नीट बघते. "गाढवा, कुणी शिंकलं तर मी निघायचे का कधी? परत बसायचे, पाणी प्यायचे, मग निघायचे. मी कामाला निघाले की तू मुद्दाम शिंकायचास."

हे खरं आहे. सौमित्रला उमेद येते. शिंकलं की थांबायचं, हा आत्याचा नियम. दिसलं नाही की पुसायचं, हा संगणकाचा. बघू कुणाचा चालतो. आत्या एक हात गुडघ्यावर ठेवते, दुसरा गवताकडे नेते, "आई गं" म्हणत वाकते. साडीचा काठ पात्यांना लागतो. पाती वाकायला लागतात.

सौमित्र शिंकतो.

"हळू रे," आरिफ हेडफोन न काढता म्हणतो. "स्क्रीन धुतलीस."

पडद्यावर चित्र पूर्ण झालंय. दाट, हिरवीगार टेकडी, सगळी पाती एका उंचीची. तिच्यावर कुणी नाही. सौमित्र लिफ्टकडे बघतो. दार बंद आहे. काय करावं ते कळत नाही, म्हणून तो एक ग्लास पाणी भरतो आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवतो.

ठेवताना तळहात दिसतो. त्यावर वळ उठलेत. बारीक, लालसर, आडवेतिडवे. गवतावर हात रोवून बसल्यावर उठतात तसे. काही मधेच मोडलेले. त्याचं टेबल काचेचं आहे, गुळगुळीत.

"आरिफ, इकडे ये. हे बघ."

"थांब, गाय लंगडतेय."

सौमित्र हात डोळ्यांसमोर धरतो. या वेळी तो पापणी लववत नाही. डोळ्यांत पाणी येतं, तरी नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत वळ पुसट होत जातात, आधी कडेचे.