माझ्या शर्टातलं मढं

बसा, बसा. पण खुर्ची जरा भिंतीकडं सरकवून घ्या. तिकडं नको, खांबाच्या समोर येतंय ते. का म्हंजी? सांगतो की! हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, म्हंजी मधी मधी चहा सांडायला नको. मी असा घोळ घालून ठेवलाय, की तळेगावात अजून मला कुणी सरळ रामराम घालत न्हाई. आधी हसत्यात, मग रामराम.

तर हा खांब. त्याच्यावर कॅमेरा. आपली वस्ती पडली गावापासनं लांब. तीन बाजूंनी ऊस, त्यात बिबट्याचं येणंजाणं, वर विहिरीवरच्या मोटारीच्या केबली चोरीला जात्यात. म्हणून बसवला. हेतू चांगलाच होता हो! पण बिबट्या काय त्यात एकदाबी दिसला न्हाई. चोरबी न्हाई. दिसायची ती आमची मंगल, म्हंजी आमचं कुटुंब.

मोबाईलवर सगळं दिसायचं. त्याला एक स्पीकरबी जोडून घेतलेला, म्हंजी मी कुठनंबी बोललो की हितं खांब बोलायचा. मग काय विचारता! शिरूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोणीवर बसायचं आन् हितं संसार चालवायचा. "मंगल, शेळी सुटली!" "मंगल, वाळवणावर कोंबडी चढली!" "मंगल, किती वेळ फोनवर बोलतीयास?"

एक दिवस तिनं शिडी लावली आन् स्पीकरची वायर विळ्यानं कापून टाकली.

"मी माणसासंगं लगीन केलंय, खांबासंगं न्हाई," म्हणाली. "बघायचं तेवढं बघा. बोलायचं न्हाई."

मी म्हणालो, बरं बाई. शेवटी भाकरी तिच्याच हातची खायची असती ना?

आन् मग पिक्चरवाले आले.

पुण्याचा डायरेक्टर. दाढीवाला, पोरगेलासा. पिक्चर कसला, तर म्हणं एका माणसाला खोड असती सगळ्यांवर पाळत ठेवायची. घरात कॅमेरे, दारात कॅमेरे. मग त्यातनं मारामाऱ्या, खून, रक्ताचा नुसता चिखल. आमचा खांब बघितला आन् गडी हरखलाच.

"काका, मला अगदी अस्साच कॅमेरा हवा होता! एक दिवस वस्ती द्याल का?"

"जमायचं न्हाई," मी म्हणालो. "असल्या पिक्चरनीच लोकं बिघडल्यात. आन् रातंदिस दुसऱ्याच्या घरात डोकावणारा माणूस, त्याच्यावर पिक्चर काढता? लाज वाटत न्हाई त्याला?"

मंगल पाणी घेऊन आली होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, एकदा खांबाकडं बघितलं, आन् गप आत गेली. शहाण्या माणसाला तवाच कळलं असतं. मला कळलं न्हाई. दोन दिवसांनी मी विचारलं, "कुठं गेलं ते दाढीवालं?" तर म्हणाली, "गेली आसतील दुसऱ्या गावाला." झालं! आपण निवांत.

त्या आठवड्यात मी केडगावला गेलो, आक्काकडं. दाजींनी नवा ट्रॅक्टर घेतला, त्याची पूजा. मंगल म्हणाली, "माझं गुडघं दुखत्यात, तुम्हीच जाऊन या. आन् घाई करू नका, ऱ्हावा दोन दिवस." मला वाटलं, बायको किती समजूतदार झाली!

पूजा झाली. पुरणपोळ्या झाल्या. मी पडवीत बाजेवर आडवा झालो आन् सवयीनं मोबाईल काढला. म्हटलं बघू, गुडघं दुखणारी काय करतीय.

आन् माझ्या तोंडचं पाणीच पळालं!

आमच्या अंगणात एक माणूस पालथा पडलेला. भवताली लालभडक रक्त. आन् त्याच्या उशाला मंगल, हातात ऊस तोडायचा कोयता! मढं हलंना. मंगल हलंना. कोयत्यावरनं थेंब थेंब गळतंय.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर एक येळ ठीक. मी जरा जवळ घेऊन बघितलं, तर मढ्याच्या अंगात माझा शर्ट! निळ्या चौकडीचा, खांद्यावर ठिगळ लावलेला. मी दचकून सगळ्या अंगावरनं हात फिरवला. हसताय काय? तुमचा शर्ट घालून मढं पडलं असतं मग कळलं असतं. मला घटकाभर उमजंना, मी केडगावात हाय का अंगणात!

मंगलला फोन लावला, तर बंद. खांबातनं ओरडावं, तर वायर कापलेली. दुसऱ्या कुणाला विचारावं? विचारलं म्हंजी सांगितल्यासारखंच झालं की! मग मीच डोकं लावलं. आन् मी डोकं लावलं की काय व्हतं, ते तुम्हाला ठाऊक हाय. हा असणार केबलचोर. आला असंल भर दुपारी. जाताना दोरीवरचा माझा शर्ट घातला असंल अंगात. आन् मंगल? तिच्या हातात सापडला. संपला!

खरं सांगतो, चोराचं मला काय वाटलं न्हाई. पण मंगलला बेड्या घालून नेत्यात, असं डोळ्यापुढं आलं. तिच्यावाचून मला घरातली मिठाची बरणी सापडत न्हाई. चहा किती प्यायचा ते तिनं सांगितल्याबगर कळत न्हाई. ती आत आन् मी भाईर? आरं, मग जगायचं कसं?

दाजींना मोबाईल दाखवला. त्यांनी चष्मा पुसून परत एकदा बघितलं.

"बबनराव, आता वो?"

"दाजी, गावात पहिला बोलतो त्याचं खरं धरत्यात," मी म्हणालो. "दुसऱ्यानं सांगायच्या आत मीच सांगतो."

आता आमच्याकडं ती फोनची सोय हाय बघा. बिबट्या दिसला, चोर आला, तर एका नंबरला फोन करायचा आन् बोलायचं. लगोलग गावातल्या सगळ्यांचे फोन वाजत्यात, आन् तुमचं बोलणं तुमच्याच आवाजात घरोघरी ऐकू जातं. लई कामाची सोय. मी ट्रॅक्टरच्या मागं गेलो, नंबर लावला आन् छाती काढून बोललो:

"मी बबन बोलतोय, मळ्यातनं. आमच्या वस्तीवर खून झालाय. मी केलाय. एकट्यानं केलाय. मंगलचा त्यात काडीचा संबंध न्हाई. ती घरात नव्हतीच. तिला कुणी हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो!"

उचलली जीभ लावली टाळ्याला! फोन ठेवला आन् दाजींच्या मोटारसायकलवर मागं बसलो. आक्का ओरडतीया, "आरं बबन्या, डबा तरी ने!" डबा कसला नेतोय? मी निघालो होतो तुरुंगात जायला.

चौफुला मागं पडला, न्हावरं आलं, आन् फोन वाजला. गावचे पोलीस पाटील.

"बबनराव, मी तुमच्या अंगणात हुबा हाय."

"धरा मला! मी पळून जाणारा माणूस न्हाई."

"धरतो की. हायसा कुठं?"

"न्हावऱ्यात."

"खून मळ्यात केला, आन् मळ्यातनंच बोलत व्हता ना तुम्ही?"

पाटीलच पुढं म्हणाले, "सावकाश या. घाई न्हाई. मढं उठून चहा पितंय."

दाजींना हसू आवरंना. गाडी रस्त्याच्या कडंला लावून ते बांधावर बसून हसले. मी मातुर रस्त्यातच पाय पसरून बसलो. मंगल सुटली, एवढंच डोक्यात शिरलं.

वस्तीवर पोचतोय, तर काय? अर्धं तळेगाव हितं! सगळी या खांबाच्या मागं हुभी. मंगलनं माझ्या माघारी वस्ती पिक्चरवाल्यांना दिली होती. त्यांना तो प्रसंग माझ्याच कॅमेऱ्यातनं दाखवायचा होता, म्हणून लाईटवाले, माईकवाले, गाव, सगळी कॅमेऱ्याच्या पाठीमागं. मला केडगावात दिसणार कशी? मला दिसली नुसती मंगल आन् मढं.

मढं म्हंजी आमच्या शेजारचा दत्तू. त्याच्या अंगात माझा शर्ट, मंगलनंच दिलेला. पिक्चरातल्या त्या पाळत ठेवणाऱ्या नवऱ्याचं काम त्याच्याकडं. मरायचं तेवढंच.

आन् बायकोचं काम? पुण्याची एक बाई आणली होती, पण तिनं कोयता असा धरला, जसा काय पोह्याचा चमचा. मंगलनं न राहवून तिला धरायला शिकवला. ते बघून डायरेक्टर म्हणाला, काकू, तुम्हीच करा. आन् आमच्या मंगलनं असं काही केलं म्हणं, की गाव श्वास घ्यायचा थांबलं. एकच वाक्य ऱ्हायलं होतं, शेवटचं. तेवढ्यात सगळे फोन एकदम वाजले! डायरेक्टरनं फोन बंद ठेवायला सांगितलं होतं, ते ऐकलं एकट्या मंगलनं. बाकीच्यांनी बिबट्या आला म्हणून फोन कानाला लावले, तर माझा आवाज. दत्तूचाबी फोन खिशात वाजला. मढ्यानं पडल्या पडल्या फोन घेतला, "खून मी केलाय" ऐकलं, आन् मढं खो खो हसाय लागलं!

परत घेतलं, परत हसलं. मंगलनं कोयता उचलला की दत्तूचं पोट हलायला लागायचं. दिवस कलला. पिक्चरवाल्यांचा मुक्काम सकाळी हलणार. डायरेक्टर म्हणाला, "राहू दे, हा सीन काढून टाकू."

मंगल पायरीवर बसली होती. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या न्हाईत.

"जन्मात एकदा मला कुणीतरी म्हणालं, तू करून दाखव," ती म्हणाली. "एकदाच. आन् तेवढ्यात तुमचा फोन." डोळं भरलेलं.

त्यापरास चार शिव्या परवडल्या असत्या हो. मला लई वाईट वाटलं. मी सरळ दत्तूकडं गेलो.

"काढ शर्ट. माझाच हाय. मीच पडतो."

डायरेक्टर म्हणाला, "काका, हलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही."

मागनं पोलीस पाटील वरडले, "हे न्हाई जमायचं त्याला!" सगळं गाव हसलं.

पडलो पालथा. ते रक्त म्हंजी गोड पाक होता. मुंग्या मानेवर, मुंग्या कानात! मंगल येऊन उशाला हुभी ऱ्हायली. अजून सुरू व्हायचं होतं. ती हळूच म्हणाली, "खून मी केलाय म्हणालात?"

"व्हय."

"माझ्यासाठी?"

"मग काय दत्तूसाठी?"

"गप पडा आता," ती म्हणाली. पण आवाज निवळला होता, मला कळतो की तिचा आवाज.

मग सुरू झालं. मुंग्यांनी फोडून काढलं, पण मी हाललो न्हाई. आन् वरनं मंगलचा आवाज आला, असा थंडगार, की मी खरंच मेलो का काय असं वाटलं. "बघा आता. किती बघायचं ते बघा."

टाळ्याच टाळ्या! दाढीवाला पळत आला. "काकू, इतका खरा राग आणला कुठून?"

"आणायचा कशाला?" मंगल म्हणाली. "घरचाच हाय."

पिक्चर कवा येईल देव जाणे. पण त्याच सांजंला मंगलनं पिक्चरच्या लाईटवाल्याकडनं स्पीकरची वायर जोडून घेतली, आन् कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलून आपल्या मोबाईलवर घेतला. आता ती बघती, आन् मी दिसतो. करायचं काय? पण मीबी काय कच्च्या गुरूचा चेला न्हाई. आज ती गेलीया शिरूरला, भिशीच्या बायकांसंगं. आन् म्हणून तर तुम्हाला भिंतीच्या कडंला बसवलंय. हितलं त्या खांबाला दिसत न्हाई! डॉक्टर म्हणत्यात साखर वाढलीया, एकच कप घ्या. म्हणू द्यात. वता अजून एकेक कप, भरपूर वता...

"अहो! त्यो तिसरा कप हाय. ठेवा खाली."

आयला! हा आवाज कुठनं आला?

"खांबाकडं काय बघताय? वर बघा, भिंतीवर. सोमवारीच बसवलाय दुसरा. आन् पाव्हण्यांना सगळं सांगितलंत, पण न्हावऱ्यापत्तूर दाजींच्या पाठीवर डोकं टेकून हंबरडा फोडत आलात, ते न्हाई सांगितलं?"

ठेवला गं बाई, ठेवला.