कर्नलला दिलेला चुकीचा हुकूम

मी ज्या कंपनीत आहे ती ठिबक सिंचनाचे कंट्रोलर बनवते. शेतातल्या मोटरच्या पेटीत एक डबी बसते, डबीत मोबाईलचं सिम असतं, आणि ती डबी दर थोड्या वेळानं आमच्या सर्व्हरला विचारते, पाणी सोडू की बंद करू? मी राहते अमरावतीला, काम घरून करते, आणि सर्व्हर असतो अकोल्याच्या ऑफिसात, फायलींच्या लोखंडी कपाटाला टेकून. भाड्यानं दुसऱ्याचा सर्व्हर घ्यावा हे आमच्या मालकांना पटत नाही. "ज्या मशीनले हात लावता येत नाही, ते आपलं काहून म्हनाव?" मालकांना सगळे भाऊ म्हणतात. कापसाच्या जिनिंगमधल्या मशिनी दुरुस्त करता करता ते कंट्रोलरकडे वळले. हातोडी मारून सुधारत नाही अशा कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नाही.

माझ्या आधी माझ्या खुर्चीत एक गृहस्थ होते. ते आता पुण्यात मोठ्या पगारावर आहेत, आणि देव त्यांना तिथेच ठेवो. एका मशीनला हजारो पोर्ट असतात, म्हणजे नंबर घातलेली दारं. बाहेरून येणारी डबी त्यातलं एक दार ठोठावते. या गृहस्थांना टापटिपीची आवड. त्यांनी प्रत्येक गावाला वेगळं दार दिलं. भातकुलीचं वेगळं, धामणगावचं वेगळं, शेजारच्या दहा घरांच्या वस्तीचंसुद्धा वेगळं. नंबर त्यांनी डब्यांच्या आतच कायमचा कोरून टाकला, म्हणजे नंतर कोणाच्या बापाला तो बदलता येऊ नये. मग प्रत्येक दारावर आमच्या प्रोग्रामची एक प्रत बसवली. गावं वाढत गेली तशा प्रती वाढल्या. एक ओळ बदलायची तरी शेकडो प्रती बंद करून पुन्हा चालू करायच्या. हे काम मी दोन वर्षं केलं आणि दर वेळी त्या गृहस्थांची मनोभावे आठवण काढली.

मग एके दिवशी मला कळलं की लिनक्सच्या नव्या कर्नलमध्ये यावर उपाय आहे. कर्नल म्हणजे मशीनच्या पोटातला मुख्य कारभारी. बाहेरून कोणी दार ठोठावलं की त्या दारावर कोणता प्रोग्राम बसलाय हे तो बघतो आणि पाहुण्याला त्याच्या स्वाधीन करतो. प्रोग्रामच्या त्या बसायच्या जागेला सॉकेट म्हणतात. आता कारभाऱ्याच्या हातात आपला स्वतःचा एक छोटासा प्रोग्राम देता येतो. नवा पाहुणा आला की तो आधी चालतो आणि ठरवतो, याला कोणत्या सॉकेटकडे पाठवायचं. म्हणजे एकच प्रत, एकच सॉकेट, आणि सगळ्या गावांना तिकडेच वळवायचं. पाहुणा मुळात कोणत्या दारानं आला हे नंतरही कळतं, त्यामुळे गावाची ओळखसुद्धा पुसत नाही.

मला इतका आनंद झाला की मी बाबांना सांगून बसले. बाबांची भातकुलीजवळ शेती आहे. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं, म्हणून शेततळं केलंय आणि त्यावर वांगी आणि झेंडू. ठिबकवर डबी आमच्याच कंपनीची.

"कर्नललेच प्रोग्राम देता येते बाबा आता!"

"मिलिटरीतल्या?" बाबांनी विचारलं.

"नाही, कम्प्युटरमधला."

"तो आयकते काय तुमचं?"

"ऐकतो. सांगितलं तेवढंच ऐकतो."

"मंग बरा हाय," बाबा म्हणाले आणि वांग्याच्या कॅरेटकडे वळले.

एका रविवारी सकाळी मी तो चाळीस ओळींचा प्रोग्राम अकोल्याच्या सर्व्हरवर चढवला. रविवार मुद्दाम निवडला, कारण ऑफिस बंद असतं आणि भाऊ खांद्यावरून डोकावत नाहीत. प्रोग्राम लागला. नोंदींच्या पडद्यावर बघते तर एकेक गाव त्या एकाच सॉकेटवर येऊन विचारू लागलं, पाणी सोडू का? एकसुद्धा चुकलं नाही. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. मशीन बंद पडून चालू झालं तरी प्रोग्राम आपोआप लागावा अशी सोय केली, सर्व्हरशी जोडलेली माझी खिडकी बंद केली आणि स्वतःचं कौतुक म्हणून चौकातून गिला वडा घेऊन आले.

वडा खाऊन पुन्हा सर्व्हरवर जायला लागले तर सर्व्हर मला आत घेईना. खोदून पाहिलं तेव्हा त्याचं उत्तर दिसलं : "कंट्रोलर नोंदलेला नाही." दोन वर्षं त्याची चाकरी करणाऱ्या बाईला तो मोटरच्या पेटीतली डबी समजत होता.

मी कोड उघडला. गावांच्या दारांचे नंबर सात ते आठ हजारांमधले, म्हणून पोर्टचा नंबर सात हजारांहून मोठा आणि आठ हजारांहून लहान असेल तरच वळव, असं मला लिहायचं होतं. मी 'आणि'च्या जागी 'किंवा' लिहिलं होतं. जगातला कुठलाही नंबर एक तर सात हजारांहून मोठा असतो, किंवा आठ हजारांहून लहान. म्हणजे मी कारभाऱ्याला हुकूम दिला होता की जो येईल त्याला ठिबकवाल्या प्रोग्रामकडे पाठव. माझं लॉगिनचं दारसुद्धा त्यात गेलं होतं. सकाळी हे कळलं नाही, कारण आधीपासून जोडलेल्या माणसाला कारभारी पुन्हा काही विचारत नाही. माझी जुनी खिडकी उघडी होती तोवर मी सुखात होते. ती मीच बंद केली होती.

तेवढ्यात बाबा मोबाईल घेऊन आले. ते पहाटेच शेतात जाऊन परतले होते, आणि येताना मोटर चालू ठेवून आले होते, घरून बंद करता येते म्हणून.

"हे तुमचं अ‍ॅप पाय बरं. मोटर बंद होऊन नाई राहिली."

शेतकऱ्यांच्या मोबाईलमधलं अ‍ॅप त्याच मशीनचं आणखी एक दार ठोठावतं. ते दारही मी ठिबकवाल्याकडे वळवलं होतं.

"बाबा, आज ते होणार नाही."

"काहून?"

"माझी चूक झाली."

"अन् झेंडू पान्यात उभा हाय त्याचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीची किल्ली उचलली आणि बटण दाबायला पुन्हा भातकुलीला निघाले. जाताना दारातून म्हणाले, "तुमच्या डबीच्या आधी मी एकदाच जात होतो."

मला हे फार लागलं. आणखी किती जणांचे झेंडू पाण्यात उभे असतील कोण जाणे. आता एकच उपाय होता. अकोल्याला जायचं, सर्व्हरला कीबोर्ड जोडायचा आणि समोर बसून दुरुस्ती करायची, कारण कीबोर्डला कुठलंच दार ठोठावावं लागत नाही. ऑफिस उघडायला सांगण्यासाठी मी भाऊंना फोन लावला, आणि गडबडीत दिवसातली दुसरी चूक केली.

"भाऊ, सॉकेटमधे घोळ झाला. मी येऊन राहिली, ऑफिस उघडून ठेवा."

"सॉकेट? कोनतं, मशीनच्या मांगचं?"

बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी "हो हो, मशीनचंच" म्हणून फोन ठेवला आणि चढले.

बडनेरा, मूर्तिजापूर करत बस अकोल्याला पोहोचली तोवर ऊन असं तापलं होतं की ऑटोच्या सीटवर टेकवत नव्हतं. ऑफिसचं दार उघडं होतं. आत एक वायरमन स्टुलावर बसून, तोंडात दोन स्क्रू धरून भिंतीतला बोर्ड कसत होता. सर्व्हर बंद. त्याची पिन जमिनीवर लोळत होती. इतका वेळ निदान डब्यांना तरी उत्तरं मिळत होती. आता तेही गेलं.

"कोणी बंद केलं हे?" मी जवळजवळ किंचाळले.

त्यानं तोंडातले स्क्रू काढले. "भाऊनं सांगतलं सॉकेटमधे घोळ हाय. चालू लाइनीवर काम करू काय ताई?"

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी पिन उचलली आणि त्याच्या नव्या कोऱ्या सॉकेटमध्ये घातली. मशीन घरघरत उठलं, आणि मी केलेल्या सोयीप्रमाणे माझा चुकीचा प्रोग्राम स्वतःहून कामाला लागला. कीबोर्ड जोडला. 'किंवा'च्या दोन उभ्या काड्या पुसून तिथे 'आणि'ची खूण टाकली, प्रोग्राम पुन्हा बांधला आणि चढवला. यायला तीन तास लागले होते. कामाला चार मिनिटं. मग मोबाईलवरून अ‍ॅप उघडून पाहिलं. उघडलं. लॅपटॉपवरून लॉगिन केलं. झालं. बाबांना फोन केला तर ते शेतातच होते. "बंद केली मघाच. आता जेवतो," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात भाऊ आले. "काय ताई, नव्या सॉकेटनं फरक पडला ना?"

वायरमन माझ्याकडे बघू लागला. खरं सांगते, हो म्हणायचा मोह झाला. दोष भिंतीवर ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि भाऊंना ते चटकन पटलंही असतं. पण भातकुलीला दुसऱ्यांदा गेलेले बाबा डोळ्यांसमोर होते. मी म्हटलं, "भाऊ, भिंतीचा काही दोष नव्हता. मी प्रोग्राममधे चुकीचं लिहिलं. सकाळपासून कोणालाच अ‍ॅपवरून मोटर बंद करता आली नाही."

भाऊंनी वायरमनला विचारलं, "म्हनजे सॉकेट बदलाची गरजच नवती?"

"जुनं ढिलं तं होतंच," वायरमन म्हणाला.

भाऊंनी खुर्ची ओढली. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कपाटातून शेतकऱ्यांची यादी काढली, अर्धी माझ्यापुढे ठेवली आणि अर्धी स्वतः घेतली. "फोन कर. चूक झाली म्हन. बहाने सांगू नको, लोक वयखतात." दुपारभर आम्ही दोघं फोन करत बसलो. बहुतेकांना काही कळलंच नव्हतं, ते रविवारी अ‍ॅप उघडतच नाहीत. दोघांनी शिव्या दिल्या. एका आजोबांनी माझी माफी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "पन आमच्या घरचा टीव्ही काहून बंद हाय?"

घरी परतले तेव्हा बाबा ओट्यावर झेंडूची उपटलेली रोपं निवडत होते. खालच्या दोन ओळी वाया गेल्या होत्या. मी त्यांना लॅपटॉपवर ती ओळ दाखवली, आधीची आणि नंतरची. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"ह्या दोन काड्यांसाठी?"

"हो."

"लावल्यावर पायलं नवतं काय?"

"गावं येतात का ते पाहिलं. बाकीचे आत येऊ शकतात का ते नाही पाहिलं."

"मंग ते पाह्यत जा," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसून एक तपासणी लिहिली. नवा प्रोग्राम लागण्याआधी ती प्रत्येक दार एकदा खोटंखोटं ठोठावते, गावांचं, अ‍ॅपचं, माझं लॉगिनचं, आणि एकानंही चुकीच्या जागी नेलं तर प्रोग्राम लागतच नाही. लिहायला अख्खा दिवस गेला. मूळ प्रोग्रामपेक्षा ती तिप्पट लांब झाली.